पाव्हण्याचं ताट

भागिरथानं मासिकाच्या त्या गुळगुळीत पानावर अंगठा घासून पाहिला. रंग काही निघाला नाही. फोटोतली पंचफुला तशीच सारे दात काढून हसत राहिली, अन् तिच्या बाजूले मांडी ठोकून बसेल तो पिवळ्या केसाचा वालटरबी.

“घासू नका बाई,” दुकानाच्या फळीपलीकडून नेमीचंद शेठ म्हणाले. “अमेरिकेचा रंग हाये. बोटाले येत नाही.”

“ही भाकर काळी काहून दिसते?”

शेठनं चष्मा वर सरकवला, मान वाकडी करून पाहिलं. “जळेल हाये.”

“जळेलच असन. तिले कधी जमली भाकर?”

“पन बाई, फोटोत जळेलबी चांगली दिसते. लोकं काय चाखून पाह्यतात थोडी?”

पंचफुला म्हणजे भागिरथाची धाकटी जाऊ. दोघींची घरं एकाच आंगणात, मधात कमरेएवढी मातीची भिंत. केनवडच्या बौद्धपुऱ्यात कोणालेबी इचारा, भाकर कोणाची, त भागिरथाची. सारवण कोणाचं, त भागिरथाचं. दीक्षा घेतल्यावर घरातले जुने देव सगळ्यात पहिले कोणी बाहीर काढले, त तेबी भागिरथानंच. अन् फोटो आला कोणाचा, त पंचफुलेचा.

नेमीचंद शेठकडं अशी दोन मासिकं टपालानं येत. एक रशियाचं, एक अमेरिकेचं. दोन्ही मराठीत, दोन्ही फुकट. वर्ष सरलं की दोघायचेबी कॅलेंडर. शेठ दोन्ही टांगत, एक गल्ल्याच्या वर अन् एक तेलाच्या डब्यावर. वाचून झालं की रशियाचा कागद गावातल्या पोरायच्या पुस्तकाले कव्हर म्हणून जाई. अमेरिकेचा कागद घडी केला की तडकत होता, म्हणून तो तसाच थप्पीत पडून राही.

“शेठ, हे फुकट काहून देतात हो?”

“मी दुकानदार मानूस. कोनी फुकट देऊन राह्यला त मी आदी त्याचं दुकान पाह्यतो.” शेठ गूळ फोडता फोडता बोलत होते. “हे दोगंबी मोठे दुकानदार हायेत, बाई. समोरासमोर दुकान. एकानं कॅलेंडर वाटलं की दुसराबी वाटते. एकानं पोट्टा पाठोला, कोंबड्या पाठोल्या, की दुसरा कारखाना पाठोते.”

“मंग इकतात काय?”

“काही नाही इकत. आपल्याले त्याइचं चांगलं वाटलं पायजे, बस. उद्या त्याइचं भांडन झालं त आपन म्हनाव, नाही बाप्पा, तो पोट्टा चांगला होता.” शेठनं गूळ कागदात बांधून फळीवर ठेवला. हातात द्यायची त्यायची रीत नव्हती. भागिरथानं फळीवरून उचलला. “परवा पुन्हा जीप येऊन राह्यली मुंबईहून. त्याइच्या कचेरीतला मानूस. पंचफुलेच्या घरीच. माय-लेकाचे मोठे फोटो काढनार हायेत म्हने.”

“माय-लेकाचे,” भागिरथा म्हणाली, अन् मासिक पालथं ठेवून दिलं.

वालटर आखाडात आला होता, पायजामा-सदरा घालून, पाठीवर ही मोठी पिशवी. अमेरिकेच्या सरकारनं त्याले कोंबड्या पाळायचं शिकवाले पाठवलं होतं. शेठनं आपल्या गोदामामागची खोली देल्ली, पण मटनापासून अंड्यापर्यंत काहीबी तठी शिजवाचं नाही, अशी अट घालून. म्हणून पोट्टा जेवण शोधत बौद्धपुऱ्यात आला. गल्लीत शिरलं की पहिलं घर भागिरथाचं. उंबऱ्यात उभा राहून त्यानं पुस्तकातल्या मराठीत इचारलं, “मी आत येऊ शकतो काय?”

गावातल्या पाटलाचा पोरगा उंबऱ्याच्या आत येत नव्हता, अन् हा सात समुद्रापलीकडून येऊन इचारून राह्यला. तिनं माळ्यावरून काशाचं ताट काढलं. लग्नात तिच्या मायनं देल्लेलं. चिंचेनं अन् राखेनं घासून त्याचं सोनं केलं. जमीन पुसली, पाट मांडला, पाण्याले नवा गिलास. गरम भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. तो जेवे अन् ती हातभर लांब उभी राहून सुपानं वारा घाली. शेषराव, तिचा नवरा, दारात बसून कौतुकानं पाही. पाव्हण्याचं झाल्याशिवाय घरचं कोणी जेवत नव्हतं.

“छान आहे,” वालटर म्हणे. रोज तेच म्हणे. पण भागिरथाले ते रोज नवं लागे.

जेवण झालं की ती ते ताट स्वतः घासे अन् फळीवर येगळं उभं करून ठेवे. एकदा त्यानं ताटाकडं बोट करून इचारलं, “हे कोणाचं आहे?”

“तुयंच,” भागिरथा मोठ्या तोऱ्यानं म्हणाली. “फक्त तुयं. दुसऱ्या कोनाले हात लावू देत नाही मी.”

तो हसला नाही. मान हलवली, हात धुतले अन् गेला. मंग एक दिवस आला नाही. मंग दुसऱ्याबी दिवशी नाही. नंतर एका सांजेले भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला म्हणून भागिरथानं टाचा वर करून पाहिलं, त वालटर पंचफुलेच्या चुलीपाशी उघड्या जमिनीवर बसेल. पाट नाही, काही नाही. तो अन् पंचफुलेचा नवरा जानराव एकाच चेंबलेल्या जर्मलच्या थाळीत हात घालून राह्यले होते. पंचफुला त्याच्या पाठीत रपाटा मारून म्हणत होती, “हळू खा न बे, पळून चालली काय भाकर?”

तो “माय” म्हणाला तिले. भागिरथानं ऐकलं.

तवापासून तिचं काही धड नव्हतं. पंचफुलेच्या आंगणात तारेच्या जाळीचं खुराडं झालं, त्यात त्या पांढऱ्याफेक इंग्रजी कोंबड्या आल्या. बायका पाहाले येत. भागिरथा भिंतीवरून सांगे, “अंडे देतात, पन खुडूक बसत नाहीत. नुसत्या देतात अन् इसरतात. पिल्लं काढाले शेवटी आपली गावठीच लागते.” शेषराव एकदा म्हणाला, “तुले काय करायचं?” त त्या दिवशी शेषरावले कोरडी भाकर भेटली.

जीप यायच्या आदल्या दिवशी दुपारी पंचफुला भिंतीवरून टांग टाकून इकडं आली. भागिरथा सुपात तुरीची डाळ पाखडत होती.

“बाई, उद्या माया घरी चार भाकरी थापून देशीन का?”

“काहून? तुया हाताले काय झालं?”

“हाताले काय होते? मोडतात न वं. त्या दिवशी जळली, त साऱ्या मुलखात छापली.”

“मंग आता जळेलच टाक. लोकायले आवडली.”

“अशी काय करतं वं.”

“फोटो तुया, लेक तुया, अन् भाकर मायी? मी काय हाटेल काढलं?”

पंचफुला बाजूले बसली. डाळीतला एक खडा वेचून तिनं लांब फेकला. “होळी झाली की जाते तो. त्याची बदली आली. मंग हे सारं सरन.”

भागिरथाचं सूप थांबलं. होळीले दिवस किती उरले होते? हुरडा सरत आला होता.

“एक सांग मले,” ती म्हणाली. आवाज तिले वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. “आदी त मायाच घरी येत होता. काय कमी पडू देल्लं मी? तू काय भरवलं त्याच्या कानात?”

“मी काही नाही भरवलं.”

“मंग गेला काहून?”

“सांगू? चिडशीन नाही न?”

“सांग.”

“तू त्याचं ताट येगळं ठुलं.”

“येगळं ठेवीन नाही त काय? काशाचं ताट हाये ते. माया जावयाले त्यात वाढलं नाही मी अजून.”

“ते तुले मालूम, मले मालूम. त्याले काय मालूम?” पंचफुला खाली पाहून बोलत होती. “त्याइच्या सरकारनं त्याइले शिकवून पाठोलं न. वर्गात बसवून. उजव्या हातानं खाचं, बुढ्या मानसाच्या पाया पडाचं. अन् त्याच्यातच सांगतलं म्हने का हिंदुस्थानात ज्याचं ताट येगळं, पेला येगळा, त्याले लोकं दूर धरतात. त्याच्यासंगं जेवत नाहीत. शिवत नाहीत. अन् तू म्हनतं, हे तुयं, दुसरं कोनी हात लावत नाही. वरून लांब उभी राह्यतं.”

भागिरथानं सूप मांडीवर टेकवलं.

“त्याले वाटलं, मी गोरा, गायीचं खातो, म्हून या बाई माया इटाळ धरतात. हेच्याजवळ सांगतलं त्यानं,” पंचफुलेनं जानरावच्या खाटेकडं हात केला. “रडाचाच राह्यला होता पोट्टा.”

सूप भागिरथाच्या मांडीवर तसंच राहिलं. रिसोडच्या बाजारात हाटेलाच्या मांगच्या भिंतीले एक खिळा होता. त्याले काठ तुटलेला एक कप टांगेल राहे. तिचा बाप तो काढे, चहावाला वरून धार सोडे, बाप उकिडवा बसून पेई, मंग तोच कप धुऊन पुन्हा खिळ्याले अडकवे. भागिरथा तवा एवढीशी होती. बापानं तिले त्या कपातला घोट कधी देल्ला नाही. घरी गेल्यावर चहा पाजतो म्हणे.

“मी?” भागिरथा म्हणाली. “मी इटाळ धरीन?”

पंचफुलेनं डाळीतला अजून एक खडा वेचला.

“तू सांगतलं नाही त्याले?”

“नाही.”

“काहून?”

पंचफुलेनं पदराचं टोक बोटाले गुंडाळलं, सोडलं. “काहून सांगू? या घरी आली तवापासून ऐकून राह्यली. भागिरथेची भाकर, भागिरथेचं सारवन. पाव्हना आला की पह्यले तुया दारात. माया इथं कोन येते? एक डाव आला, अन् माय म्हनला. म्हटलं, राहू दे.” तिनं नाक ओढलं. “सांगतलं असतं त तो पुन्हा इकडंच आला असता. तुयी भाकर खाल्ल्यावर मायी कोन खाते?”

भागिरथाले हात उचलावा वाटला. थोबाडीत द्यावी असं. पण तिले हेबी दिसलं की पंचफुलेच्या जागी आपण असतो, त आपणबी सांगतलं नसतं.

“जा तू,” ती म्हणाली. “जा घरी.”

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येता येता जीप बौद्धपुऱ्यात आली. अर्धं गाव मांगं. मुंबईचा साहेब मराठीच निघाला, बारीक मिशीचा, गळ्यात दोन कॅमेरे. आल्या आल्या त्यानं खुराडं पाहिलं, चूल पाहिली, दोरीवरचे कपडे काढाले लावले.

“रशियावाल्यांनी मागच्या महिन्यात ट्रॅक्टरवर बसलेली बाई छापली,” तो जानरावले सांगत होता. “सगळीकडे तिचंच कौतुक. आमचे साहेब म्हणाले, आपल्याला ट्रॅक्टर नको. आपल्याला चूल पाहिजे. माय पाहिजे.”

“हो, हो,” जानराव म्हणाला. त्याले काही समजलं नव्हतं.

चुलीपाशी पंचफुला नवं लुगडं नेसून घामेघूम झाली होती. एक भाकर तव्यावर टाकता टाकताच फाटली. दुसरी काठाले मोडली. वालटर बाजूले बसून म्हणे, “चालेल, माय, चालेल,” अन् पंचफुलेचे डोळे भरून येत.

भिंतीवरून एक पाय आला. मंग दुसरा.

“सरक,” भागिरथा म्हणाली.

पंचफुला सरकली. भागिरथानं पीठ घेतलं, पाण्याचा हात मारला, मळलं. थापणीचा आवाज सुरू झाला अन् आंगणातल्या बाया पाहाले पुढं सरकल्या. पहिली भाकर फुगून वर आली. तिनं ती तशीच उचलून वालटरच्या जर्मलच्या थाळीत टाकली. त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यानंबी मान वर केली नाही, फक्त बसल्या जागी जरा आखडला.

“वा, वा! आता मायनं वाढल्यासारखं करा,” साहेब म्हणाला. “हां, तुम्ही, नव्या लुगड्यातल्या. या मावशी जरा बाजूला.”

भागिरथा बाजूले झाली. पंचफुलेनं वाढल्यासारखं केलं. कॅमेरा वाजला. वालटरनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याले लावला, खाल्ला. पुन्हा वाजला. साहेब खूश होऊन सांगत होता, “खाली छापू, दोन देश, एक ताट.” मंग त्यानं कॅमेरा मांडीवर घेतला अन् मांगचं झाकण उघडून रीळ बदलाले लागला.

भागिरथानं हात पदराले पुसले. ती आली अन् वालटरच्या समोर खाली बसली. गुडघ्याले गुडघा लागला. शेषराव गर्दीतून म्हणाला, “अवं, फोटो काढून राह्यले न तठी,” पण तिनं ऐकलं नाही. वालटरच्या थाळीत अर्धी खाल्लेली भाकर पडली होती. त्याच्या दाताचा काठ उमटेल. तिनं तिथूनच, त्या काठावरूनच, तुकडा मोडला. त्याच्या ठेच्यात बुडवला. अन् तोंडात टाकला.

आपल्या लेकरायशिवाय तिनं जन्मात कोणाचं उष्टं खाल्लं नव्हतं. नवऱ्याचंबी नाही. आंगणातल्या साऱ्या बायायले ते माहीत होतं.

वालटर चावाचा थांबला. त्याच्या गोऱ्या मानेवर लाली चढत गेली. त्यानं तिच्या चावणाऱ्या तोंडाकडं पाहिलं, मंग थाळीकडं. मंग एका बोटानं थाळी हळूच सरकवली, त्याच्या अन् तिच्या मधोमध आली तशी सोडली.

“थोरली माय,” तो म्हणाला. पुढचं त्याले मराठीत सापडलं नाही.

“खा,” भागिरथा म्हणाली.

“अरे!” साहेब उठून उभा राहिला. रीळ अजून हातातच. “मावशी, हे फार छान होतं! हेच पाहिजे होतं मला. थांबा, एक मिनिट. परत करा बरं तसंच. तुकडा मोडून तोंडात घाला.”

भागिरथानं त्याच्याकडं पाहिलं.

“तुमचा फोटो पहिल्या पानावर येईल. दिल्लीला जाईल, अमेरिकेला जाईल.”

पंचफुला चुलीपाशी उभी होती. तिचा हात नव्या लुगड्याच्या निऱ्यायवर होता, तठीच राहिला. भागिरथानं तिलेबी पाहिलं. एवढे दिवस तिले जो फोटो पाहिजे होता, तोच आता माणूस कॅमेरा घेऊन समोर उभा राहून मागत होता.

“मायं पोट भरलं,” ती म्हणाली.

“अहो, नुसतं खाल्ल्यासारखं करायचं.”

“तेच जमत नाही.” ती गुडघ्यावर हात देऊन उठली. “तिचा काढा. माय तेच हाये त्याची. पंचफुले, पदर नीट घे.”

साहेबानं कपाळावरचा घाम पुसला. “बरं. मग तुम्ही करा. या मावशींनी केलं तसं.”

पंचफुला वालटरच्या समोर येऊन बसली. तिनं थाळीत हात घातला, तुकडा मोडला. “अजून वर धरा,” साहेब म्हणाला. तिनं वर धरला. “त्याच्याकडे पाहा. हसा.” ती हसली. “आता तोंडात.” तिनं तोंडात घातला. वालटर ताठ बसून होता, हात मांडीवर. कॅमेरा वाजला, अजून एकदा वाजला, अन् मंग एकदा.

“झकास! हलू नका.”

पंचफुला गालात घास धरून तशीच बसली. चावावं का नाही, तिले समजेना. डोळे इकडून तिकडं फिरले, अन् शेवटी भागिरथावर येऊन थांबले.

“बाई,” ती भरल्या तोंडानं म्हणाली, “गिळू का आता?”

गर्दी खदाखदा हसली. साहेबबी हसला. जानराव सगळ्यात जास्त.

भागिरथा भिंत ओलांडून आपल्या दारात येऊन उभी राहिली होती. ठेचा चांगलाच तिखट होता. डोळ्यात पाणी आलं, जीभ भाजून राह्यली होती. पाण्याचा लोटा बाजूलेच होता. तिनं काही तो उचलला नाही.